यमुनाबाईंच्या नावाची ढाल

यमुनाबाई, तुमच्या शोकसभेला तुम्ही नव्हतात ते फार बरं झालं. असतात तर पहिल्याच वक्त्याला दंडाला धरून खाली बसवलं असतंत. तुम्ही म्हणे शांत होतात. सोशिक होतात. उभ्या जन्मात कुणाला उलटून बोलला नाहीत. मी मागच्या बाकावर बसून घाबरलो. म्हटलं, चुकून दुसऱ्याच कुणा बाईंच्या सभेला तर आलो नाही? माझ्या बाबतीत ते अशक्य नाही, हे तुम्ही जाणता. खालापुराकडं एकदा एका गावची कवायत तपासायला निघालो आणि दिवसभर शेजारच्याच गावची तपासून आलो. घरी येऊन शेरा लिहिला, 'रांग ठीक, आवाज बरा, पायांत मेळ कमी,' आणि तो दोन्ही शाळांना चपखल बसला. कुणाला काही कळलं नाही. हा किस्सा मी गावोगाव सांगून हशा मिळवला. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. म्हणालात, "मास्तर, ही तुमची चूक नाय. तुमचा शेराच तसला हाय, कुनालाबी बसतो."

तर सभा. शेवटी भाऊसाहेब उठले. शाळा कमिटीचे अध्यक्ष, भाताच्या गिरणीचे मालक, बोलायला उभे राहिले की आधी टोपी सारखी करणारे. त्यांनी डोळे पुसले. खरेच पुसले, उगाच त्यांच्यावर अन्याय नको. मग म्हणाले, बाईंच्या स्मरणार्थ कमिटी चांदीची ढाल ठेवणार. कर्जत आणि खालापूरकडच्या मुलींच्या शाळांची दरसाल कवायतीची चढाओढ होईल, आणि ज्यांची रांग सर्वांत सरळ त्यांना 'यमुनाबाई ढाल'. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या थांबल्यावर भाऊसाहेबांनी मान उंच करून मला शोधलं. "आणि परीक्षक कोण, तर आपले कवायत मास्तर. बाईंना त्यांच्याइतकं दुसरं कोण ओळखत होतं?"

सरळ रांगेची ढाल, बाई. तुमच्या नावाची. मी उठून 'नाही' म्हणायला हवं होतं. मी उठलो, आणि नमस्कार करून खाली बसलो.

त्या सभेपासून काल चढाओढ होईपर्यंत मी तुमच्याशी भांडतो आहे. तुम्ही उत्तर देत नाही. ही खोड तुम्हाला कधीच नव्हती.

आपली ओळखच भांडणानं झाली. लढाईचे दिवस होते. व्यायाम शिकवण्याचं सर्टिफिकेट मला नुकतंच मिळालं होतं, आणि ते कुणी दिलं असेल असा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर दिसायचा, कारण वर्गात आधी माझं पोट शिरायचं आणि मागून मी. शाळांमधून व्यायाम नीट होतो की नाही हे पाहत दोन्हीकडच्या गावांतून हिंडायचं, असं काम माझ्या गळ्यात पडलं. खाकी अर्धी विजार, छातीवर शिट्टी, खिशात मोजायची फीत, अशा थाटात मी तुमच्या अंगणात उभा राहिलो आणि शिट्टी फुंकली. तुमची शाळा रुळांच्या कडेला. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायचं इंजिन तिथं उभं. त्याच्या ड्रायव्हरला वाटलं, गार्डानं इशारा केला. त्यानं उलट असा भोंगा दिला की माझ्या हातातली फीत गळून पडली.

तुम्ही ओसरीवर उभ्या होतात. "पोरी नाय हालल्या, मास्तर," तुम्ही म्हणालात, "पन इंजान हालवलंत. काय कमी न्हाय."

अधिकाऱ्यांशी तुम्ही शुद्ध बोलायच्या, अगदी पुस्तकातल्यासारखं. माझ्याशी पहिल्या दिवसापासून घरचं बोललात. त्याचा तेव्हा मला राग आला होता. म्हटलं, ही बाई मला अधिकारी समजत नाही. आता वाटतं, ती मला मिळालेली एवढीच पदवी.

मग मी छाती मोजायची गोष्ट काढली. श्वास घेतल्यावर किती, सोडल्यावर किती, असा आमचा नियम. मुलांच्या शाळेत तो खपायचा. मुलींच्या शाळेत तो कसा पाळायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी तोंड उघडून बसलो होतो. तुम्ही माझ्या हातातून फीत काढून घेतलीत, माझ्याच पोटाला गुंडाळलीत आणि म्हणालात, "घ्या श्वास." घेतला. "आता सोडा." सोडला. तुम्ही फीत बघितलीत, मला बघितलंत. "ह्यातला घेतलेला कंचा नि सोडलेला कंचा, मास्तर?" सगळी शाळा हसली. इंदीही हसली, म्हणून ती मला दिसली. डावा पाय आत वळलेली, रुळांची निगा राखणाऱ्या गँगमनची पोर. बाप घाटात ठाकुरवाडीला असायचा आणि ही कर्जतला मावशीकडं राहून शिकायची.

दम कसा बघायचा ते तुम्ही त्या दिवशी मला दाखवलंत. दोघी-दोघींनी फुगडी धरायची आणि फिरता फिरता गाणं म्हणायचं. गाणं पोरींनीच रचलेलं. नेरळ गेलं, भिवपुरी आली, भिवपुरी गेली, कर्जत आलं, असं एकेका कडव्याला एकेक स्टेशन घाट चढत जायचं. जिचा दम जिथं तुटेल ते तिचं ठेसन. आषाढात, लावणीला पोरी पांगण्याआधी, एकदा बघायचं. मार्गशीर्षात भात घरात आल्यावर पुन्हा बघायचं. आषाढात इंदी भिवपुरीच्या पुढं जात नव्हती. मार्गशीर्षात मी मुद्दाम आलो. जोडीदारणीच्या हातांवर भार टाकून, आत वळलेल्या पायावरच गिरकी घेत, ती पळसदरी ओलांडून गेली. वर्गातली सर्वांत लांब जाणारी पोर खंडाळ्याला पोचली होती. तुम्ही शाबासकी इंदीला दिलीत.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"खंडाळ्यावाली आषाढातबी खंडाळ्यालाच व्हती. ती चढली कुठं? पोरीला पोरीच्याच मापानं मापायचं, मास्तर. शेजारनीच्या नाय."

मी लगेच शेपटावर पाय दिला. म्हटलं, आणि जिला गाणं येत नाही तिचं काय? जिचा गळाच नाही, तिचा दम कमी? तुमच्या परीक्षेत भसाड्या पोरी नापास. तुम्ही पाठ फिरवून वर्गात गेलात, कारण मुद्दा खरा होता. पुढच्या खेपेला आलो तर गाणं न येणाऱ्या पोरी तोंडानं पकवा धरत होत्या, नुसतं पक् पक् पक्, आणि जोडीदारीण त्यांच्या वाटणीचं गाणं म्हणत होती. त्या दिवशी चहा साखरेचा मिळाला. रेशनच्या त्या दिवसांत एरवी तुमच्याकडं मला गुळाचाच असे.

अशी दोन वर्षं गेली, आणि ती माझी बरी वर्षं. मग कमिटी बघायला आली.

हा किस्सा आता तालुकाभर झाला आहे आणि तो पसरवणारा मीच, तरी तुमच्यासमोर पुन्हा सांगतो, कारण तो सांगताना तुम्हीच सर्वांत जास्त हसायच्या. भाऊसाहेब खुर्चीत बसले. पोरींनी फुगडी घातली, स्टेशनं घेतली. भाऊसाहेब म्हणाले, "छान. पण यात व्यायाम कसला? हा तर मंगळागौरीचा खेळ." मला कुठून स्फुरण चढलं कोण जाणे. म्हटलं, "करून बघा म्हणजे कळेल." ते म्हणाले, "मग करा की मास्तर. तुम्ही तर सर्टिफिकेटवाले."

मी बसफुगडी घालायला उकिडवा बसलो. एक पाय पुढं टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्या खेपेला विजार मागून टर्रकन गेली, आणि ती झाकायला हात मागं नेला तसा मी गडगडत गेलो तो भाऊसाहेबांच्या जोड्यांवर डोकं टेकूनच थांबलो. त्यांना वाटलं, पाया पडतो आहे. त्यांनी आशीर्वाद दिला.

हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. जाताना म्हणाले, "खेळ झकास. पण ह्याला गुण कसले द्यायचे?" आणि पुढल्या आठवड्यात हुकूम आला. मुलींच्या व्यायामाच्या तासाला रांगेची कवायत घ्यावी. रांगेला, पावलाला, शिस्तीला गुण मिळतील. ज्या शाळेला कवायत जमत नसेल तिनं त्या तासाला शिवण घ्यावं.

मी तोंड लपवत तुमच्याकडं आलो. मला वाटलं, फाडून खाल. तुम्ही म्हणालात, "तुमी पडला म्हनून गेलं, असं मनात आनू नका. जानारच व्हतं. तुमी पडला म्हनून निदान हसत हसत गेलं." बाई, यापेक्षा मोठ्या मनानं कुणी मला कधी काही दिलेलं नाही.

इथपर्यंत आपण एका बाजूला होतो. पुढचं मला अजून गिळवत नाही.

मी तयार होतो, की आता तुम्ही कमिटीपुढं उभ्या राहणार आणि शुद्ध मराठीत त्यांची सालटी काढणार. आणि तुम्ही काय केलंत? चुन्याची दोरी आणून अंगणात रेघा मारल्यात. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा पोरींना उभं केलंत, सावधान, विश्राम, डावं, उजवं. मी तपासणीला आलो तर अंगणात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि रांग अशी की दोरी लाजावी. फक्त रांगेत इंदी नव्हती. ती बाजूला झेंडा धरून उभी होती.

मी विचारलं, "हिला झेंड्यापाशी कुणी उभं केलं?"

"मी."

"का?"

"पाय वळतो तिचा. रांग मोडते. गुण जातात." तुम्ही माझ्याकडं न बघता सांगितलंत.

"बाई, तुम्हीच म्हणायच्या, पोरीला पोरीच्याच मापानं..."

"म्हनायची. माप त्यांचं असू दे मास्तर, तास तरी आपला ऱ्हाईल. तपासनी वर्साला एकदा. बाकीचे दिवस दार लावून मी काय खेळवते ते बघाया कोन येतंय?"

"माप त्यांचं झालं की तासही त्यांचाच होतो. पोरींचं जे मोजाल तेच त्या शिकतात."

"तुमाला काय जातंय बोलायला? तुमी शिट्टी वाजवून गाडी पकडता. मला रोज त्यांना घरातनं बाहेर काढायचंय. शिवनाला बसवल्या की संपलं. मंग त्या सासरीच उठतील."

मी त्या रांगेला पैकीच्या पैकी गुण दिले आणि चहा न घेता निघालो. शाळेच्या फाटकातून तुम्ही हाकही मारली नाहीत.

मी हट्टाला पेटलो. खालापुराकडच्या एका शाळेतल्या बाईंना गाठलं. साधी, तुमच्या निम्म्या वयाची पोरगी, माझा शब्द मानणारी. तिला म्हटलं, कवायत घेऊ नकोस, लेखी कळव की आमच्या मुली फुगडीच खेळतील. तिनं कळवलं. कमिटीनं उलट कळवलं की मग शिवण घ्या. झालं. तिथल्या पोरी आता त्या तासाला टाके घालतात. मागच्या खेपेला गेलो तर मान खाली घालून बसलेल्या होत्या. एकीनं सुईत दोरा ओवून माझ्याकडं बघितलं आणि ओठ आत घेऊन हसली. मला ओळखलं असेल. तत्त्वासाठी लढलेला मनुष्य असा दिसतो, हे तिला तेव्हा कळलं असावं.

हे तुमच्या कानावर गेलंच. कर्जतच्या स्टेशनात पुलावर आपली गाठ पडली. तीच शेवटची, पण तसं तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी उतरत होतो, तुम्ही चढत होतात. तुम्ही अर्ध्या जिन्यात थांबलात आणि म्हणालात, "खालापूरच्या पोरी..." आणि पुढं बोलला नाहीत. कठडा धरून उभ्या राहिलात. मला वाटलं, मला टोमणा मारून उत्तराची वाट बघताय. मीही ताठलो. म्हटलं, "तुमची इंदी कशी आहे? झेंडा जड होत नाही ना?" तुम्ही हात हलवून 'जा' अशी खूण केलीत. मी गेलो. खाली पोचून वळून पाहिलं तर तुम्ही त्याच पायरीवर होतात, पदर तोंडाला लावून.

पोरीचा दम कुठल्या ठेसनाला तुटतो हे बघायला तुम्ही मला दोन वर्षं शिकवलंत. तुमचा तुटलेला मला समोर दिसला नाही. मी रागावलेला होतो, आणि रागावलेला परीक्षक फक्त आपलंच उत्तर तपासतो. पुढं डॉक्टर छातीचं काहीतरी म्हणाला, असं ऐकलं. मी भेटायला येणार होतो. आधी तुम्ही निरोप धाडाल, मग जाऊ, असं ठरवून बसलो होतो. तुम्हीही बहुधा तेच ठरवलं असणार. आपण दोघंही मोठे शिस्तीचे.

काल चढाओढ झाली. तुमचंच अंगण. भाऊसाहेब खुर्चीत, शेजारी मी, टेबलावर ढाल. ढालीवर तुमचं नाव सुबक कोरलं आहे, तक्रारीला जागा नाही. सहा शाळा आल्या. तुमच्या जागी आलेल्या नव्या बाई चांगल्या आहेत, मनापासून राबतात, तुमच्या रेघांवर रोज चुना टाकतात. तुमच्या मुली शेवटी आल्या. रांग बघितली बाई. इकडून बघितली, तिकडून बघितली. एक वेणीसुद्धा बाहेर नव्हती. भाऊसाहेब पुटपुटले, "बाईंची पुण्याई."

कवायत संपली. गुण मांडून झाले होते. मला वाटलं, निदान हे तरी बघू की बंद दाराआड तुम्ही काय राखून ठेवलंत. मी उठून म्हटलं, "मुलींनो, आता खेळा. फुगडी घाला बघू. नेरळपासून धरा गाणं."

पोरी हलल्या नाहीत. तिकडं बाजूला इंदीनं झेंडा भिंतीला टेकवला, आणि पाय ओढत अंगणाच्या मधोमध आली. दोन्ही हात पुढं केले. चुन्याच्या रेघेवर उभी राहून ती आपल्या वर्गाकडं बघत होती. वर्ग नव्या बाईंकडं बघत होता. पुढच्या रांगेतल्या एकीनं, चुणचुणीत पोर, सावधानमधून न हलता विचारलं, "मास्तर, याला गुण हायत का?"

"नाहीत," मी म्हटलं. "नुसतं खेळायचं."

कुणी पुढं आलं नाही. त्या पोरी दुष्ट नव्हेत बाई, मी तोंडं बघितली त्यांची. त्यांना खरंच कळेना, की मग कशासाठी. इंदीचे हात तसेच होते. मी पुढं व्हायला हवं होतं. भाऊसाहेब शेजारी होते, सहा शाळा बघत होत्या, आणि माझ्याच्यानं खुर्ची सुटेना. आयुष्यभर नको तिथं पडलो, काल पडायची वेळ होती तर बसून राहिलो. थोड्या वेळानं इंदीनं हात खाली घेतले, परकराला पुसले, आणि जाऊन झेंडा धरला.

वाद मी जिंकलो म्हणावं, तर खालापुरात माझ्या शहाणपणानं तासच गेला. तुम्ही जिंकलात म्हणावं, तर तास आहे, पण त्यात खेळणारी एकच पोर उरली आणि तिला धरायला हात नाहीत. तुम्ही असतात तर यावरही काहीतरी झणझणीत बोलला असतात. मी ते मनात रचून बघतो. जमत नाही. माझ्या तोंडी तुमची वाक्यं बेचव होतात.

मग भाऊसाहेबांनी माझ्या हातात ढाल दिली आणि निकाल सांगायला सांगितला. नियम साफ होता, रांगेत कुठं खोट काढायला जागा नव्हती. मी तुमच्या शाळेचं नाव घेतलं. नव्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी एकदमच, आणि एकदमच थांबवल्या.

अभिनंदन, यमुनाबाई. तुमच्या मुली पहिल्या आल्या.